कळविण्यास आनंद होतो की…

बदलीचा हुकूम लिहिण्याचं एक शास्त्र असतं. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यांतली चार झोनल ऑफिसच्या स्टाफ सेक्शनमध्ये, म्हणून ते मला थोडंफार अवगत आहे. हुकुमात 'आम्ही तुम्हाला पाठवत आहोत' असं कधीच नसतं. 'आपली बदली अमुक शाखेत करण्यात येत आहे' असं असतं. कोणाकडून करण्यात येत आहे ते वाक्य वाचून कळत नाही. कळू नये अशीच त्याची घडण असते. कारण द्यायचंच झालं तर 'प्रशासकीय निकड'. ती निकड नेमकी कोणाला लागली आहे, हे विचारायची सोय नाही. आणि गाव जितकं आडवळणाचं, तितकी पत्राची भाषा गोड. रेल्वे नाही, दवाखाना नाही, मुलांच्या शाळेची पंचाईत, अशा ठिकाणी पाठवायचं असलं की पत्रात 'नवी संधी' आणि 'आपल्या अनुभवाचा लाभ' हे शब्द हमखास येत.

या शास्त्राशी ओळख असल्यामुळेच की काय, 'द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका' ही मालिका पाहताना इतरांना जिथे भीती वाटली नसेल तिथे मला वाटली. अमेरिकेतल्या एचबीओने ही सहा भागांची मालिका २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये दाखवली. आमच्याकडे ती बऱ्याच उशिरा पाहिली गेली. मुलीने टीव्हीवर लावून दिली आणि 'बाबा, यात तुमच्यासारखा एक माणूस आहे' एवढंच सांगून ती आपल्या कामाला निघून गेली. हा माणूस म्हणजे हर्मन लेविन. विमा कंपनीतला साधा नोकरदार, दोन मुलगे, काटकसरी बायको, भाड्याचं घर, रात्री रेडिओवरच्या बातम्या आणि त्यावर तावातावाने बोलणं. मुलीचं निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं.

जर-तरचा इतिहास हा खेळ मराठी वाचकाला नवा नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर काय झालं असतं, याची कथा जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये सांगितली आहे. आपल्याला जसं पानिपत, तसं पाश्चात्त्यांना दुसरं महायुद्ध. 'हिटलर जिंकला असता तर?' या एका प्रश्नावर तिकडे कपाटं भरतील इतक्या कादंबऱ्या झाल्या, आणि दूरचित्रवाणीनेही त्या प्रश्नाचा भरपूर उपयोग करून घेतला. बीबीसीने १९७८ साली 'अॅन इंग्लिशमन्स कासल' दाखवली. तीत जर्मनांच्या अमलाखालच्या इंग्लंडमध्ये एक लेखक लोकांना गुंगवणारी कौटुंबिक मालिका लिहीत असतो. २०१७ साली लेन डेटन यांच्या कादंबरीवरची 'एसएस-जीबी' आली. आणि सर्वांत गाजली ती फिलिप के. डिक यांच्या १९६२च्या कादंबरीवरून बेतलेली 'द मॅन इन द हाय कासल'. २०१५ ते २०१९ अशी चार वर्षं ती चालली. तिच्यात अमेरिकेचे तीन तुकडे झालेले आहेत. पूर्वेला जर्मनांचं राज्य, पश्चिमेला जपान्यांचं, मध्ये कोणाचाच नाही असा डोंगराळ पट्टा.

या मालिकांची एक अडचण आहे. गणवेश, झेंडे, संचलनं यांचं चित्रण करायला कॅमेऱ्याला फार आवडतं. न्यूयॉर्कच्या चौकात लालभडक पताका लागलेल्या दिसल्या की प्रेक्षक दचकतो, पण त्या दचकण्यात एक मजाही असते, जत्रेतल्या भुताच्या घरात असते तशी. 'हाय कासल'च्या जाहिरातीसाठी २०१५ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतली आसनं नाझी आणि जपानी चिन्हांनी सजवली होती. लोकांनी आक्षेप घेतला, ती काढावी लागली. पण सजवणाऱ्यांना ती सजावट वाटली, यातच सगळं आलं.

'प्लॉट'मध्ये एकही जर्मन सैनिक अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरत नाही. राज्य बदलतं ते रीतसर निवडणुकीने.

मूळ कादंबरी फिलिप रॉथ यांची, २००४ सालची. रॉथ यांनी नंतर सांगितलं होतं की इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांचं आत्मचरित्र वाचताना त्यांना त्यात एक उल्लेख सापडला. १९४०च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षातल्या काहींना वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांना उभं करायचं होतं. 'केलं असतं तर?' एवढाच प्रश्न रॉथ यांनी समासात लिहिला, आणि त्यातून कादंबरी निघाली. लिंडबर्ग म्हणजे त्या काळचा केवढा मोठा नायक! मे १९२७मध्ये एकट्याने, न थांबता, साडेतेहेतीस तास विमान चालवून न्यूयॉर्कहून पॅरिसला पोचलेला पंचविशीतला तरुण. १९३२ साली त्याच्या तान्ह्या मुलाचं अपहरण आणि खून झाला तेव्हा सगळा देश हळहळला होता. याच लिंडबर्गने १९३८ साली बर्लिनमध्ये गोअरिंगच्या हातून पदक घेतलं. आणि ११ सप्टेंबर १९४१ रोजी डे मॉइन या शहरात भाषण करून सांगितलं की देशाला युद्धाकडे ढकलणारे तीन गट आहेत : ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट यांचं सरकार. हे सगळं खरं घडलेलं. फेब्रुवारी १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नाझींच्या वीसेक हजार अमेरिकन चाहत्यांची सभा भरली होती, व्यासपीठावर जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र लावून, हेही खरं. रॉथ यांनी फक्त एक पायरी बदलली. रिपब्लिकन उमेदवारी प्रत्यक्षात वेंडेल विल्की यांना मिळाली होती, ती त्यांनी लिंडबर्गला दिली, आणि निवडून आणलं. रॉथ यांचे वडील खरोखरच विम्याच्या नोकरीत होते, घर न्यूजर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात होतं. कादंबरीत कुटुंबाचं नावही रॉथच आहे. मालिकेत ते लेविन झालं.

डेव्हिड सायमन आणि एड बर्न्स या जोडीने मालिका केली आहे. 'द वायर' ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही नावं ठाऊक असतील. घाई नाही, आरडाओरडा नाही. पहिला भाग तर आपल्याकडच्या एखाद्या वाड्यातली दोन बिऱ्हाडं पाहावीत इतका घरगुती. हर्मनला बढती मिळते आहे. पगार वाढेल, स्वतःचं घर घेता येईल. घर पाहायला सगळे मोटारीतून दुसऱ्या गावी जातात. वाटेवर बिअरच्या बागेत जर्मन वंशाचे लोक गात, पीत बसलेले असतात आणि त्यांच्या हावभावांवरून कळायचं ते कळतं. परत येताना मोटारीत कोणी फारसं बोलत नाही. हर्मन बढती नाकारतो.

बँकेत काम केलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. प्रमोशन नाकारणारी कितीतरी माणसं मी पाहिली. म्हातारी आई, मुलीची दहावी, बायकोची शाळेतली नोकरी. ऑफिसर व्हायचं तर गाव सोडावं लागणार, म्हणून आयुष्यभर कॅश काउंटरच्या जाळीमागे बसलेले हुशार लोक. त्यांनी नकाराच्या अर्जात लिहिलेलं असे 'घरगुती अडचणींमुळे'. हर्मनच्या अडचणीला मात्र नाव आहे आणि ते नाव कंपनीच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. तो साहेबाला सांगणार काय? बिअरच्या बागेतली माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मला नको, असं?

निवडणूक होते, लिंडबर्ग जिंकतो. 'मला मत द्या, नाहीतर युद्धाला तयार व्हा' एवढाच प्रचार, आणि स्वतः विमान चालवत गावोगावी उतरणं. त्याच्या व्यासपीठावर एक ज्यू धर्मगुरू असतो, रॅबाय बेंगल्सडॉर्फ. जॉन टर्टुरोने ही भूमिका इतक्या शांत, सुसंस्कृत ऐटीत केली आहे की त्या माणसाचा राग यायच्या आधी आपण त्याला खुर्ची द्यायला उठू. ज्यू समाजाची मतं त्याच्यामुळे मिळतील असं कोणालाच वाटत नसतं. हर्मनचा तरुण पुतण्या अॅल्विन, ज्याला घरात सगळे वाया गेलेला समजतात, तोच नेमकं बोट ठेवतो. रॅबाय ज्यूंशी बोलतच नाहीये. बाकीच्या सभ्य ख्रिस्ती मतदारांना मत देताना मनाला टोचणी लागू नये, म्हणून तो तिथे उभा आहे. हा अॅल्विन पुढे कॅनडात जाऊन जर्मनांविरुद्ध लढतो आणि पाय गमावून घरी येतो.

आता येतात योजना. सरकारला ज्यूंचं वाईट करायचंच नसतं मुळी. त्यांना देशाच्या मुख्य प्रवाहात सामावून घ्यायचं असतं! त्यासाठी एक कार्यालय निघतं आणि रॅबाय त्याचे न्यूजर्सीतले प्रमुख होतात. पहिली योजना 'जस्ट फोक्स', म्हणजे आपली साधी माणसं. शहरातल्या ज्यू मुलांनी उन्हाळ्याची सुट्टी शेतकऱ्यांच्या घरी घालवायची. हर्मनचा थोरला मुलगा सँडी केंटकीतल्या तंबाखूच्या शेतावर जातो आणि उन्हाने रापून, दंडात बेटकुळ्या घेऊन परततो. तो आनंदात आहे! शेतकरी खरोखरच चांगला आहे. योजनेत वाईट काय आहे ते हर्मनला बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे बाप हटवादी म्हातारा ठरतो. घरातली ही भांडणं पाहताना आमची सौ. दोनदा उठून पाणी प्यायला गेली. तिला घरातला आवाज चढलेला सोसत नाही, टीव्हीतल्या घरातलासुद्धा.

दुसरी योजना 'होमस्टेड ४२'. नावामागे इतिहास आहे. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे जाऊन वस्ती करणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे. अमेरिकन माणसाच्या मनात त्या शब्दाभोवती कष्ट, जमीन, स्वातंत्र्य असं सगळं आहे. तोच शब्द उचलून निवडक कुटुंबांना दूरच्या राज्यांत नेऊन वसवायचं. कंपन्यांनी सहकार्य करायचं. सक्ती नाही, संधी आहे, खर्च सरकारचा. आणि हर्मनची बदली केंटकीतल्या डॅनव्हिल या गावी होते.

इथे मी मालिका थांबवली आणि थोडा वेळ नुसता बसलो. आमच्या स्टाफ सेक्शनमध्ये मे महिन्यात याद्या येत. नाव, कर्मचारी क्रमांक, सध्याची शाखा, नवी शाखा. दोनशे नावं असली तर दोनशे पत्रं. मसुदा ठरलेला, टायपिस्ट रकाने भरत जाई, साहेब चहा पिता पिता सह्या करी. त्यात पाप काही नव्हतं. बदल्या व्हायलाच हव्यात, एकाच खुर्चीत माणूस दहा वर्षं बसला की गैरव्यवहाराला वाव मिळतो. हे मी आजही सांगेन. पण त्या यादीत विशिष्ट आडनावांचीच माणसं घातलेली असती, तरी पत्राच्या मसुद्यात एका अक्षराचा फरक पडला नसता. टायपिस्टला कळलंही नसतं. टीए बिलं तशीच आली असती, सामान हलवण्याचा खर्च नियमाप्रमाणे मंजूर झाला असता, आणि कोणी रिलीव्ह होऊन वेळेत हजर झाला नाही तर त्याला स्मरणपत्रही त्याच नम्र भाषेत गेलं असतं. या मालिकेतला खलनायक कोण, असं मला कोणी विचारलं तर मी लिंडबर्गचं नाव घेणार नाही. तो पडद्यावर दिसतोच किती थोडा.

बटबटीत वाटणाऱ्या 'हाय कासल'मध्येही असा एक क्षण आहे, पहिल्याच भागात. ट्रक चालवणाऱ्या एका तरुणाचं चाक माळरानावरच्या रस्त्यात पंक्चर होतं. गस्तीवरचा पोलीस मदतीला येतो, भला माणूस. इतक्यात आकाशातून राखेचे बारीक कण पडायला लागतात. तरुण विचारतो, हे काय? पोलीस सहज सांगतो, इस्पितळाचं आहे. मंगळवारी तिथे पांगळ्यांना आणि असाध्य रुग्णांना जाळतात. आणि तरुणाला आपल्याजवळचं सँडविच देतो. चाळीस भागांच्या त्या मालिकेतलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहील.

हे कल्पनेतलं नाही. जर्मनीत १९३९ ते १९४१ या काळात मनोरुग्णांना आणि अपंगांना मारण्याची जी मोहीम चालली, तिचा आरंभ एका पत्राने झाला. हिटलरने स्वतःच्या पत्रशीर्षावर डॉक्टरांना दिलेली परवानगी. पत्र लिहिलं ऑक्टोबरमध्ये, तारीख घातली १ सप्टेंबर १९३९, म्हणजे युद्ध सुरू झालं तो दिवस. मागची तारीख! कचेरीत काम केलेल्या माणसाला यावरूनच कळावं की लिहिणाऱ्याला आपण काय करतोय ते नीट कळत होतं. बर्लिनमधल्या टिअरगार्टनस्ट्रास ४ या पत्त्यावरून कारभार चाले. मेलेल्याच्या घरी सांत्वनाचं पत्र जाई, मृत्यूचं खोटं कारण लिहून. एकदा अपेंडिक्सच्या विकाराने मृत्यू असं पत्र गेलं आणि त्या माणसाचं अपेंडिक्स कित्येक वर्षांपूर्वीच काढलेलं होतं. हिशेब जुळेना तेव्हा लोक कुजबुजू लागले. ऑगस्ट १९४१मध्ये म्युन्स्टरच्या बिशप गालेन यांनी चर्चमध्ये उभं राहून उघड बोलून दाखवलं.

युद्धानंतर ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमच्या गढीत एक कागदपत्र सापडलं. ७० हजार २७३ माणसं मारल्यामुळे दहा वर्षांत किती बचत होईल याचा तक्ता. पाव किती किलो, बटाटे किती, मार्मालेडसुद्धा. एकूण बचत सुमारे ८८ कोटी ५४ लाख मार्क.  बेरीज दोनदा तपासलेली असणार. मी आयुष्यभर ताळेबंद जुळवले, रात्री नऊ-नऊपर्यंत थांबून पंचवीस पैशांचा फरक शोधला. त्या तक्त्याखाली बसलेला माणूस कसा दिसत असेल, हे मला चांगलं ठाऊक आहे. बाह्यांना आत कापडाची पट्टी लावत असेल, शाईने कफ खराब होऊ नयेत म्हणून.

पण मग वाचक म्हणतील, ते जर्मनीत. अमेरिकेत असं झालं नाही. रॉथ यांनी कादंबरीपुरतं रचलं.

अमेरिकेतही कुटुंबांना हलवलं गेलं, आणि नेमकं 'होमस्टेड ४२'च्या वर्षीच. फक्त ती कुटुंबं ज्यू नव्हती. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. होय, तेच रूझवेल्ट, ज्यांचा आवाज रेडिओवर ऐकू आला की हर्मन लेविनचा जीव भांड्यात पडतो. त्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरांतून उठवलं. त्यांतले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. विजेच्या खांबांवर सूचना लागल्या. बेनब्रिज नावाच्या बेटावरच्या लोकांना आवराआवरीला सहा दिवस मिळाले. हातात उचलेल तेवढंच सामान. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक. तो लिहिलेली चिठ्ठी सामानालाही बांधायची आणि कोटाच्या गुंडीलाही. काहींना आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यांत ठेवलं. पुढे वाळवंटात, माळावर काटेरी तारांच्या छावण्या. त्यांचं सरकारी नाव 'पुनर्वसन केंद्र'.

आणि यात माझ्या धंद्याचाही एक कोपरा आहे. माणसं हलवली तर त्यांची दुकानं, शेतीची अवजारं, मोटारी, फ्रिज यांचं काय? हे काम मार्च १९४२मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे सोपवलं गेलं. मध्यवर्ती बँकेचे अधिकारी टेबलं मांडून बसले. मोटार बँकेच्या ताब्यात ठेवता येईल, मात्र मालकाच्या जोखमीवर. गाड्या उघड्यावर उभ्या राहिल्या आणि बऱ्याच पुढे लष्कराने विकत घेतल्या. ज्यांना थांबायला वेळ नव्हता त्यांनी दारात आलेल्या भंगारवाल्यांना मिळेल त्या भावाने सगळं दिलं. जपानी बँकांच्या अमेरिकेतल्या शाखा पर्ल हार्बरनंतर लगेच बंद झाल्या होत्या. त्यांतल्या योकोहामा स्पेशी बँकेच्या ठेवीदारांचा वाद १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पंचवीस वर्षं एका ठेवीच्या पावतीसाठी! टेबलामागच्या अधिकाऱ्यांतही भले असतील. कोणी एखाद्या म्हातारीचा फॉर्म भरून दिला असेल, पाणी विचारलं असेल. त्या टेबलामागे माझी बसायची जागा मला स्पष्ट दिसते, आणि तिथे बसून मी नेमकं काय केलं असतं या प्रश्नाला मला सोयीचं उत्तर देता येत नाही.

१९८८ साली कायदा झाला, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर आणि माफी. ९ ऑक्टोबर १९९० रोजी पहिले धनादेश दिले गेले तेव्हा त्यांतले सर्वांत वृद्ध गृहस्थ १०७ वर्षांचे होते.

पुन्हा लेविनांच्या घरी जाऊ, कारण तिथे दोन गोष्टी घडायच्या आहेत आणि दोन्ही मला हर्मनच्या गर्जनांपेक्षा मोठ्या वाटतात. पहिली त्याच्या बायकोची. बेस ही बाई फारसं बोलत नाही. नवरा राज्यघटना, लोकशाही, आपला देश यावर भांडत असताना ती एका मोठ्या दुकानात विक्रेतीची नोकरी धरते आणि कादंबरीत रॉथ यांनी सांगितलंय की ते पैसे ती कॅनडात, माँट्रियलच्या बँकेत साठवते. पळायची वेळ आली तर. बँकेत असताना अशा खात्यांशी माझी गाठ पडलेली आहे. घरातल्या कोणाला न सांगता दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये भरायला येणाऱ्या बायका. पासबुक घरी नेत नसत. 'तुमच्याकडेच राहू द्या' म्हणत. कशासाठी साठवता, असं आम्ही कधी विचारलं नाही. घराला लागणाऱ्या आगीचा वास घरातल्या बाईला आधी येतो. सौ.चं यावर म्हणणं असं की येतो नव्हे, कोणीतरी घ्यावाच लागतो.

दुसरी गोष्ट धाकट्या फिलिपची. वय नऊ-दहा. बदलीचं ऐकून तो घाबरतो. त्याची मावशी एव्हलिन रॅबायशी लग्न करून त्याच कार्यालयात मोठ्या जागी बसलेली आहे. पोरगं तिला जाऊन भेटतं आणि सुचवतं की आम्हाला नको, खालच्या मजल्यावरच्या सेल्डनला पाठवा. सेल्डन हा विधवा आईचा एकुलता, सतत फिलिपच्या मागे मागे करणारा मुलगा. मावशीला भाच्याचं कौतुक वाटतं. आणि थोड्याच दिवसांत सेल्डनच्या आईलाही पत्र येतं. कळविण्यास आनंद होतो की…

हर्मन राजीनामा देतो. अधिकाऱ्याचा कोट उतरवून भावाच्या भाजीच्या घाऊक बाजारात रात्रपाळीला खोकी उचलायला जातो, पण गाव सोडत नाही. सेल्डनच्या आईला राजीनामा परवडणारा नसतो. ती पोराला घेऊन डॅनव्हिलला जाते. लेविनांच्या खाली एक इटालियन कुटुंब राहायला येतं, तेही याच योजनेतून, आणि माणसं निघतात एकदम चांगली. रॉथ इथे फार प्रामाणिक आहेत. वाईट योजनेतून चांगला शेजारीही येऊ शकतो, हे त्यांनी लपवलेलं नाही.

मग लिंडबर्गला आव्हान देणाऱ्या रेडिओ पत्रकार वॉल्टर विंचेलला भर सभेत गोळी घातली जाते, दंगली पेटतात. एका रात्री लेविनांच्या घरी फोन वाजतो. डॅनव्हिलहून सेल्डन बोलतोय. आई अजून कामावरून आली नाही. घरात तो एकटा आहे. बेसला ऐकताक्षणी कळतं की ती येणार नाही. ती रडत नाही, पोलिसांना बोलवू म्हणत नाही. ती शेकडो मैलांवरून त्या पोराला विचारते, जेवलास का? घरात काय काय आहे? दूध घे, खायला घे, आता बसून खा, मी फोनवर आहे. आणि फोन हातात धरून ती त्याला खायला लावते. फिलिप ते पाहत असतो. आई सेल्डनशी बोलते आहे, आणि सेल्डन तिथे का आहे हे घरात फक्त त्यालाच माहीत आहे. झो कझान ही नटी या एका प्रसंगासाठी जरी कोणी पाहिली तरी मालिकेचा वेळ वसूल.

पुढे हर्मन आणि सँडी मोटार घेऊन, पेटलेल्या मुलखातून रात्रंदिवस प्रवास करून त्या मुलाला घेऊन येतात. आईला वाटेत गाठून, मारून, गाडीसकट जाळलेलं असतं.

कादंबरीचा शेवट आणि मालिकेचा शेवट एक नाही. रॉथ यांनी लिंडबर्गचं विमान नाहीसं केलं, पुन्हा निवडणूक घेऊन रूझवेल्टना परत आणलं आणि इतिहासाची गाडी मूळ रुळावर सोडून दिली. २००४ साली वाचताना मला ते थोडं घाईचं वाटलं होतं. कादंबरीकार शेवटी दमतो, हे मी अनुभवाने सांगतो. सायमन यांनी तो रूळ काढून टाकला. विमान नाहीसं होतं, नोव्हेंबर १९४२ची निवडणूक जाहीर होते, लोक सकाळपासून रांगा लावतात. कुठे यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलं जातं. कुठे मतदानाची यंत्रं उचलून गाडीत घातली जातात. कुठे माळावर कोणीतरी मतपत्रिकांचा ढीग पेटवतं. रात्री लेविनांच्या घरी रेडिओ लागलेला आहे, निवेदक आकडे सांगतो आहे, आणि हर्मन पुढे वाकून ऐकतो आहे.

पडदा काळा झाला, नावं वर सरकू लागली.

'अहो, पुढचा भाग लावा की,' सौ. म्हणाली.

पुढचा भाग नव्हता.